सम्राट, सावकार आणि घड्याळे

बदलीचा हुकूम हाती पडला की केंद्र सरकारच्या नोकराच्या घरी झाडाझडती सुरू होते. काय न्यावयाचे, काय विकावयाचे, काय शेजाऱ्यांच्या स्वाधीन करावयाचे, याच्या याद्या होतात. मुलूख सोडून राहिलेल्या आपणा मंडळींना ही विद्या एव्हाना साधली आहे. गेल्या उन्हाळ्यात दिल्लीतील क्वार्टर सोडण्याचा प्रसंग आला, तेव्हा मेजाच्या तळच्या खणातून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा निघाला. त्यात एकेचाळीस मनगटी घड्याळे होती. त्यांपैकी चालू अवघी तीन. शिवाय दोन चिमटे, डोळ्याला लावावयाचे एक भिंग, तेलाची सुकलेली कुपी आणि एक वही. दोन वर्षे मी हा डबा उघडला नव्हता, आणि न उघडल्याची चुटपुटही कधी लागली नव्हती.

ही घड्याळे बहुतेक एच. एम. टी. ची. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने बंगलोरला हा कारखाना निघाला आणि 'जनता', 'पायलट', 'सोना', 'कोहिनूर' ही नावे घरोघर पोहोचली. पहिल्या पगाराचे, मॅट्रिक पास झाल्याचे, लग्नात जावयाला देण्याचे घड्याळ ते हेच. पुढे १९६९ च्या डिसेंबरात जपानच्याच सेइको कंपनीने विजेच्या लहानशा घटावर व स्फटिकाच्या कंपनांवर चालणारे घड्याळ बाजारात आणले. १९८७ पासून टायटनची तशीच घड्याळे आपल्याकडे मिळू लागली आणि किल्लीच्या घड्याळांचे दिवस भरत आले. २०१६ च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने एच. एम. टी. चा घड्याळांचा व्यवसाय बंद करण्यास मान्यता दिली. माझा छंद त्याच वर्षीचा. वस्तू नाहीशी होणार असे कळले म्हणजे तिच्याविषयी अकस्मात प्रेम उत्पन्न होते, त्यातलाच हा प्रकार. जुन्या दिल्लीतील रविवारच्या बाजारातून बंद पडलेली घड्याळे आणावी, एकाचे यंत्र, दुसऱ्याची तबकडी, तिसऱ्याचे काटे असे जुळवून एक चालते घड्याळ उभे करावे, यात सुटीचे दिवस कसे जात ते समजत नसे. आणि मग एके दिवशी हे सारे थांबले. का थांबले, ते मलाच सांगता येईना.

स्वतःच्या मनाचा उलगडा होत नाहीसा झाला की इतिहासात कोणी आपला सोबती सापडतो का ते पाहावे, अशी मला खोड आहे. मला सोबती सापडले ते फार मोठ्या घरचे. एक सम्राट, एक यंत्रज्ञ कारखानदार आणि एक धनवान सावकार. तिघांनाही घड्याळांचे वेड होते. त्यांतील दोघांचे मरेपर्यंत टिकले. तिसऱ्याचे मात्र, जगातील सर्वांत नवलाचे घड्याळ हाती आल्यावर विझून गेले.

सम्राटाची कथा त्याच्या जन्माच्याही आधी, इटलीतील पाडुआ नगरीत सुरू होते. तेथे जोव्हानी दे दोंदी नावाचा वैद्य व ज्योतिषी होता. त्याने सोळा वर्षे खपून १३६४ साली एक ज्योतिषयंत्र पुरे केले. सात बाजूंना सात तबकड्या, आणि त्यांवर सूर्य, चंद्र व पाच ग्रह यांच्या गती. चाके एकशे सात. पुढे हे यंत्र पाव्हियाच्या किल्ल्यात गेले. दोंदीच्या पश्चात ते नीट चालवील असा मनुष्य मिळणे दुर्घट झाले. दोंदीने यंत्राच्या रचनेचे तपशीलवार वर्णन लिहून ठेवले होते, आणि त्याच्या आधारे विसाव्या शतकात यंत्राच्या प्रतिकृती तयार झाल्या. मूळ यंत्र मात्र गंज खात पडले. पोथी जाणणाऱ्या वाचकाला ते यंत्र आजही समजते. परंतु त्याला रोज हात लावणारा कोणी उरला नाही, तेव्हाच ते मेले होते.

१५३० च्या सुमारास पंचम चार्ल्स हा सम्राट राज्याभिषेकासाठी इटलीत आला असता त्याच्या दृष्टीस हे मोडके यंत्र पडले. स्पेन, नेदरलंड्स, नेपल्स, जर्मनीतील साम्राज्य आणि अमेरिकेतील नव्या वसाहती, एवढा पसारा या एका माणसाच्या माथी होता. त्याने यंत्र दुरुस्त करण्याची इच्छा दर्शविली. क्रेमोना येथील ज्वानेल्लो तोर्रियानी या कारागिराने पाहणी करून सांगितले की, हे दुरुस्त होण्यापलीकडे गेले आहे. नवेच करावे लागेल. अंब्रोसिओ दे मोरालेस या स्पॅनिश इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की, तोर्रियानीने वीस वर्षे त्याचा विचार केला आणि साडेतीन वर्षांत ते घडविले. त्यात अठराशे चाके होती. वीस वर्षे विचार करणारा कारागीर आणि तेवढा काळ वाट पाहणारा धनी, ही जोडी इतिहासात क्वचितच भेटते.

१५५५ च्या ऑक्टोबरात ब्रुसेल्सच्या दरबारात चार्ल्सने राज्यत्याग आरंभिला. सांधेदुखीने तो जर्जर झाला होता. ज्या धर्मैक्यासाठी आयुष्य वेचले ते साधले नव्हते. पुत्र फिलिप आणि बंधू फर्डिनांड यांच्या हाती एकेक अधिकार सोपवून तो १५५७ च्या फेब्रुवारीत स्पेनच्या एस्त्रेमादुरा प्रांतातील युस्ते या मठाशेजारी राहावयास गेला. एवढे साम्राज्य सोडणाऱ्या या माणसाने सोबत काय नेले? काही चित्रे, काही ग्रंथ, घड्याळे, आणि ती सांभाळण्यासाठी तोर्रियानी. १५५८ च्या २१ सप्टेंबरला मृत्यू येईपर्यंत घड्याळे त्याच्या भोवती होती, आणि त्यांची उठाठेव करणारा कारागीरही जवळ होता.

युस्तेविषयी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. दोन घड्याळे एकाच क्षणी ठोके देतील असे चार्ल्स करू पाहत होता आणि ते साधेना. तेव्हा, ज्याला दोन घड्याळांचे एकमत करता येत नाही त्याने अवघ्या प्रजेचे धर्ममत एक करू पाहिले, असे म्हणून तो खिन्न झाला, अशी ती गोष्ट. बहुतेक अभ्यासक तिला विश्वसनीय मानीत नाहीत, आणि ती फारच नीटनेटकी असल्यामुळे मलाही तिचा संशय येतो. तथापि ती इतकी शतके टिकली यावरून लोकांना त्या सम्राटाच्या छंदात काय दिसले ते कळते. त्यांना दिसला तो घड्याळांचा मालक नव्हता. घड्याळांशी झटणारा आणि त्यांच्यापुढे हार खाणारा मनुष्य होता.

तोर्रियानीचा शेवट मात्र सुखाचा झाला नाही. पुढे तोलेदो शहरात त्याने ताहो नदीचे पाणी सुमारे शंभर मीटर उंचीवरच्या राजवाड्यापर्यंत चढविणारे यंत्र उभारले. १५६९ साली ते चालू झाले. पाणी राजवाड्याला मिळाले, पण शहराला न मिळाल्यामुळे शहराने पैसे नाकारले, आणि राजवाड्यानेही हात आखडता घेतला. १५८५ साली हा थोर कारागीर दारिद्र्यात मरण पावला. त्याचे अठराशे चाकांचे घड्याळही पुढे कोठे गेले ते कळत नाही. आश्रय देणाऱ्याचा उत्साह कारागिराला किती दिवस पुरतो, हे आपल्या इकडील संस्थानी दरबारांतील गवयांच्या व चित्रकारांच्या हकीकती ऐकलेल्या वाचकांस वेगळे सांगावयास नको.

आता साडेतीनशे वर्षांचे अंतर ओलांडून अमेरिकेत जाऊ. घड्याळ आता राजवाड्यातून श्रीमंतांच्या खिशात आले होते. ओहायो राज्यातील वॉरन या गावचा जेम्स वॉर्ड पॅकार्ड हा यंत्रशास्त्राचा पदवीधर. त्याच्या नावाची पहिली मोटार १८९९ साली धावली. जिनीव्हाच्या पाटेक फिलिप या पेढीकडून तो एकेक घड्याळ मागणी देऊन करवून घेई, आणि प्रत्येक मागणीत यंत्रज्ञाची एखादी नवी अडचण असे. एकाच घड्याळात किती करामती बसतील, कोणती किल्ली कोणत्या चाकाला फिरवील, या प्रश्नांत त्याला रस होता. १९१६ साली त्याला सोळा करामतींचे घड्याळ मिळाले. अखेरच्या काळात तो क्लीव्हलंडच्या रुग्णालयात कर्करोगाने अंथरुणाला खिळला असता, १९२७ साली, त्याच्या एका मागणीची पूर्तता झाली. त्या घड्याळाच्या पाठीमागील तबकडीवर वॉरन गावावरील रात्रीचे आकाश आपल्या ताऱ्यांसह फिरत असे. पुढल्या वर्षीच्या मार्चमध्ये पॅकार्ड वारला. खोलीबाहेर न जाऊ शकणाऱ्या माणसाने आपल्या गावचे आकाश हातात धरले, यात करामतीपेक्षा अधिक काही होते. गावापासून दूर नोकरी करणाऱ्या आपणास ते अधिक सांगण्याची गरज नाही.

तिसरा मनुष्य न्यूयॉर्कचा हेन्री ग्रेव्ह्ज. जन्म १८६८ चा. बँकिंगच्या धंद्यातील घराण्याचा वारस. नाणी, चित्रे, काचकाम, सर्वांचाच त्याला शौक. घड्याळांत त्याची आवड उच्च होती. जिनीव्हाच्या वेधशाळेच्या स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळविलेली घड्याळे तो घेई आणि त्यांवर आपले कुलचिन्ह कोरवी. त्या चिन्हाखाली लॅटिन ब्रीदवाक्य असे. त्याचा अर्थ, दिसण्यापेक्षा असणे बरे. १९२५ साली त्याने पाटेक फिलिपला जगातील सर्वांत गुंतागुंतीचे घड्याळ करण्यास सांगितले. पॅकार्ड व ग्रेव्ह्ज यांच्यात जणू द्वंद्व चालले होते अशी कथा पुढे लिलाववाल्यांनी व वृत्तपत्रांनी रंगविली. ती जशीच्या तशी खरी धरण्याचे कारण नाही. परंतु पॅकार्डच्या घड्याळात वॉरनचे आकाश होते, आणि ग्रेव्ह्जच्या घड्याळात न्यूयॉर्कचे आकाश आले, एवढे निश्चित.

घड्याळाच्या योजनेस तीन वर्षे आणि घडणीस पाच वर्षे लागली. १९३३ च्या जानेवारीत ते ग्रेव्ह्जच्या हाती आले. नऊशे वीस भाग, चोवीस करामती, वजन अर्ध्या किलोहून थोडे अधिक. सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा, चंद्राच्या कला, पंचांग, घंटानाद, सारे त्यात होते. किंमत साठ हजार स्विस फ्रँक. परंतु या आठ वर्षांत बाहेरचे जग पार पालटले होते. १९२९ साली अमेरिकेचा शेअरबाजार कोसळला आणि जगभर मंदी पसरली. खुद्द पाटेक फिलिप पेढी डबघाईला येऊन १९३२ साली स्टर्न बंधूंच्या हाती गेली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये वैमानिक लिंडबर्ग याच्या तान्ह्या मुलाला पळवून नेऊन ठार मारण्यात आले, आणि आपले वैभव लोकांच्या डोळ्यांवर येऊ नये अशी धास्ती श्रीमंतांच्या मनात बसली. घड्याळाची वार्ता मात्र फुटली. ज्या ग्रेव्ह्जला एकान्त प्रिय होता त्याचे नाव वृत्तपत्रांत झळकले. त्याच्या घरचे दुःख तर याहून मोठे होते. त्याचे दोन मुलगे मोटार-अपघातांत गेले.

घराण्यात एक हकीकत सांगितली जाई. सारनॅक सरोवरात ग्रेव्ह्ज आपल्या मुलीसह नौकेत बसला होता. ते घड्याळ त्याने खिशातून काढले. असल्या वस्तूंनी मनुष्याच्या मागे संकटेच लागतात, त्या बाळगून काय मिळाले, अशा अर्थाचे काही तो बोलला, आणि घड्याळ पाण्यात टाकू लागला. मुलीने त्याला आवरले व ते घड्याळ स्वतःजवळ ठेवून घेतले. हकीकत अक्षरशः घडली असो वा नसो, ग्रेव्ह्जच्या पुढील आयुष्यात घड्याळांचा तो पहिला उमाळा उरला नाही, हे त्याच्या चरित्रावरून दिसते. १९५३ साली तो वारला.

घड्याळाचा प्रवास मात्र चालूच राहिला. १९६९ साली ग्रेव्ह्जच्या नातवाने ते इलिनॉयमधील रॉकफर्ड येथील उद्योजक सेथ ॲटवुड यास दोन लाख डॉलर्सना विकले. ॲटवुडने घड्याळांचे एक सुंदर संग्रहालय उभारले होते. तेही १९९९ साली बंद झाले. त्या वर्षीच्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या लिलावात या घड्याळास एक कोटी दहा लाख डॉलर्स आले. २०१४ च्या नोव्हेंबरात जिनीव्हास ते पुन्हा लिलावात निघाले आणि सुमारे दोन कोटी चाळीस लाख डॉलर्सना गेले. विकणारा कतारच्या राजघराण्यातील शेख सौद. तो लिलावाच्या दोनच दिवस आधी वारला होता. मधल्या काळात, १९८९ साली, पाटेक फिलिपने तेहेतीस करामतींचे नवे घड्याळ करून ग्रेव्ह्जच्या घड्याळाचा पहिला क्रमांकही काढून घेतला. जगातील सर्वांत गुंतागुंतीचे म्हणून जे मागविले, ते तेवढेही कायम राहिले नाही.

या तीन चरित्रांतून काय निष्पन्न होते? ग्रेव्ह्जला घड्याळांची पारख नव्हती असे म्हणता येणार नाही. त्याची पारख उत्तम होती. त्याच्यावर दुःखे कोसळली म्हणून छंद मावळला, हेही पुरते उत्तर नव्हे. चार्ल्सवर कोसळली नव्हती काय? ज्या पत्नीवर त्याचे निरतिशय प्रेम होते ती १५३९ साली गेली होती. राज्य गेले, देह गेला, आयुष्याचे कार्य फसले. पॅकार्ड तर मृत्युशय्येवर होता. फरक मला दिसतो तो असा. चार्ल्सच्या आणि पॅकार्डच्या छंदात काही तरी सदैव अपुरे होते. दोन घड्याळे जुळत नव्हती. अमुक करामत बसत नव्हती. आणि ते अपुरेपण ज्याच्याशी बोलावे असा कारागीर समोर बसलेला किंवा पत्राच्या दुसऱ्या टोकाला होता. ग्रेव्ह्जने मागितली ती परिपूर्ण वस्तू. ती आठ वर्षांनी पूर्ण होऊन आली, आणि मग तिच्याशी करावयाचे असे त्याला काही उरले नाही. उरले ते फक्त सांभाळणे. सांभाळण्याचे ओझे दुःखाच्या दिवसांत माणसाला पेलत नाही. काम मात्र दुःखातही हात धरते.

हे लिहिताना मला माझ्या डब्यातील वही आठवते. प्रारंभी मी घड्याळे जुळवीत असे तेव्हा वही नव्हती. मग केव्हा तरी कारकुनी स्वभावाने उचल खाल्ली. अनुक्रमांक, नमुना, तबकडीचा रंग, खरेदीची तारीख, किंमत, शेरा, असे रकाने आखले. अमुक रंगाचा 'पायलट' आपल्याकडे नाही, तो हवा, असे वाटू लागले. रविवारच्या बाजारात पूर्वी मी बंद घड्याळ शोधीत असे; आता रकाना भरणारे घड्याळ शोधू लागलो. ते मिळाले की नोंद करून डब्यात टाकावे. उघडून पाहण्याचे कारणच राहिले नाही. एकेचाळीसपैकी शेवटच्या एकवीस घड्याळांची पाठीमागील झाकणे मी एकदाही काढली नव्हती, हे शेऱ्याच्या रिकाम्या रकान्यावरून ध्यानात आले. आठ तास कचेरीत जे करतो तेच मी रात्री मेजावर करू लागलो होतो. साठ हजार फ्रँकांची गोष्ट दूर राहो. दोनशे-तीनशे रुपयांच्या घड्याळांनीही मनुष्य ग्रेव्ह्ज होऊ शकतो.

सौभाग्यवतीने विचारले, "हे न्यायचे का?" मी म्हटले, "नाही." डबा घेऊन जुन्या दिल्लीत एका वृद्ध घड्याळजीकडे गेलो. पूर्वी सुटे भाग मी त्याच्याकडूनच घेत असे. त्याने भिंग लावले, मी जुळविलेल्या पहिल्यावहिल्या घड्याळाचे झाकण काढले, आणि हसला. "बाबूजी, यह पेंच इसका नहीं है." परक्या यंत्राचा लांब स्क्रू मी तेथे बसविला होता, आणि तो आतल्या चाकाला घासत होता. म्हणूनच ते रोज वीस मिनिटे मागे पडे. सहा वर्षे मला त्याचे कारण सापडले नव्हते. त्याने आपल्या डबीतून एक स्क्रू शोधून माझ्या हाती दिला आणि चिमटा पुढे केला. त्याच्या फळीच्या टोकाला बसून तो बसवायला मला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात बदली, सामान, गाडीची तिकिटे यांपैकी काही मनात आले नाही.

चाळीस घड्याळे मी त्याच्याकडे ठेवली. त्यांतील जी चालतील ती कोणाच्या तरी मनगटावर जातील. न चालणारी दुसऱ्यांना स्प्रिंगा आणि स्क्रू पुरवतील. वही रद्दीत दिली. ते एक घड्याळ, दोन चिमटे आणि भिंग तेवढे बरोबर आणले. नव्या गावी येऊन आता चार महिने झाले. सकाळी कचेरीला निघण्यापूर्वी मी त्याला किल्ली देतो. अजून ते दिवसाला चार मिनिटे मागे पडते. का पडते, ते मला ठाऊक नाही. येत्या रविवारी उघडून पाहणार आहे.